हवेत तरंगणारी अक्षरे: स्मार्ट चष्म्यातील हेड-अप डिस्प्लेचा इतिहास आणि सिद्धगड

१.
मुरबाड तालुक्यातील सिद्धगड हा सुमारे ३,२०० फूट उंचीचा गिरिदुर्ग, भीमाशंकर अभयारण्याच्या दाट रानात सह्याद्रीच्या मुख्य धारेला बिलगून उभा आहे. नारिवलीच्या बाजूने त्याच्याकडे पाहणाऱ्या एखाद्या भटक्याने उद्या स्मार्ट चष्मा लावला, तर शिखराशेजारी हवेत अक्षरे उमटतील: ‘सिद्धगड’, त्याखाली उंची, त्याखाली अंतर. अक्षरे येतील डोळ्यापासून दोन बोटांवर असलेल्या काचेतून, पण भासतील डोंगराइतकी दूर. हे कसे घडते, ते साधायला किती काळ लागला आणि ती अक्षरे लिहिणार कोण, या तीन प्रश्नांसाठी आजचा थ्रेड. 🧵

२.
आधी नावाविषयी. ‘हेड-अप’ म्हणजे मान वर. नाव आले विमानातून. ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाणारे विमान एका सेकंदात २५० मीटर अंतर कापते. वेग आणि उंची पाहण्यासाठी वैमानिकाने दोन सेकंद मान खाली घातली, तर अर्धा किलोमीटर आकाश त्याने न पाहताच पार केलेले असते. म्हणून ते आकडे समोरच्या आकाशावरच दाखवावेत, अशी कल्पना निघाली. आजच्या चष्म्यातील फलक हा त्या वैमानिकी फलकाचा वंशज. मात्र त्याची मुळे विमानाच्याही बरीच मागे जातात.

३.
अडचण नेमकी कोणती? तळहात डोळ्याजवळ आणत न्या. साधारण २५ सेंटिमीटरच्या आत आला की रेषा पुसट होऊ लागतात आणि नाकाला टेकला की काहीच उमगत नाही. जवळचे पाहताना डोळ्यातील भिंग फुगते, पण त्यालाही मर्यादा आहे. मग चष्म्याच्या काचेवर शाईने ‘सिद्धगड’ लिहिले तर काय दिसेल? एक अस्पष्ट डाग. शिवाय डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिरावतो. डोंगर पाहिला तर अक्षर विरघळते, अक्षर पाहू गेले तर डोंगर. हेड-अप डिस्प्लेचा सारा इतिहास या एका अडचणीवर मात करण्याचा इतिहास आहे.

४.
या कथेचा आरंभ आपल्याच सह्याद्रीत करता येतो. सिद्धगडाच्या उत्तरेला, याच कड्यांच्या रांगेत हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आहे. दख्खनमध्ये सांख्यिकी अधिकारी म्हणून फिरलेल्या विल्यम हेन्री साइक्स याने तिथे उभे राहून एक विलक्षण देखावा पाहिला. समोर कोकणातून वर आलेले धुके, पाठीशी सूर्य, आणि धुक्यावर रंगांचे पूर्ण वर्तुळ. वर्तुळात पाहणाऱ्याचीच सावली. दख्खनच्या हवामानाविषयीचा त्याचा लेख १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात हे वर्णन आहे. मराठी भटक्यांच्या तोंडी या देखाव्याचे नाव ‘इंद्रवज्र’.

५.
इंद्रवज्राचे दोन गुण ध्यानात ठेवा. पहिला: ते धुक्यावर कुठे रंगवलेले नसते. पाहणारा चालू लागला की वर्तुळही त्याच्याबरोबर चालते, कारण ते एखाद्या जागेला बांधलेले नसून सूर्य, डोळा आणि जलबिंदू यांच्यातील कोनाला बांधलेले असते. दुसरा: कड्यावर दहा माणसे उभी असली तर वर्तुळाच्या मध्यावर प्रत्येकाला आपल्याच मस्तकाची सावली दिसते. जगावर चढवलेले, पाहणाऱ्यापुरते असलेले आणि मान वळवली तरी न सुटणारे चित्र! चष्मा बनवणाऱ्यांना यंत्राने जे साधायचे होते, त्याचा नमुना निसर्गाने पाण्याच्या थेंबांवर मांडून ठेवला होता. दोहोंमागचे प्रकाशशास्त्र वेगळे आहे. पाहणाऱ्याला येणारा अनुभव मात्र सख्ख्या भावंडांचा.

६.
आता चंद्राकडे वळू. लहानपणी चांदोबा आपल्याबरोबर चालतो असे वाटे. झाडे मागे पडत, घरे मागे पडत, चंद्र मात्र सोबत राही. कारण सोपे आहे. फार दूरच्या वस्तूच्या एखाद्या बिंदूपासून निघालेले किरण आपल्यापर्यंत येईतो जवळजवळ समांतर झालेले असतात. आपण चार पावले सरकलो तरी त्यांची दिशा बदलत नाही. डोळ्याला ‘हे दूर आहे’ असे कळते ते या समांतर किरणांमुळे. म्हणजे जवळच्या अक्षराचे किरण कोणत्याही युक्तीने समांतर करता आले, तर डोळा त्या अक्षरालाही दूर समजेल. गुरुकिल्ली ही.

७.
ती युक्ती म्हणजे साधे बहिर्गोल भिंग. उन्हात भिंग धरून कागद जाळण्याचा खेळ अनेकांनी केला असेल. सूर्याचे समांतर किरण भिंगातून जाऊन एका बिंदूवर, म्हणजे नाभीवर, गोळा होतात. हाच खेळ उलटा करा. नाभीवर लहानसा प्रकाशमान ठिपका ठेवा. त्याचे किरण भिंगातून बाहेर पडताना समांतर होतील. पलीकडून पाहणाऱ्याला तो ठिपका अनंत अंतरावर असल्यासारखा दिसेल. ठिपक्याच्या जागी अक्षर ठेवले तर अक्षर दूर जाईल. प्रत्येक हेड-अप डिस्प्लेच्या पोटात, कोणत्या ना कोणत्या रूपात, हे उलटे भिंग असते.

८.
दूरच्या जगावर खूण चढवण्याचे काम सर्वेक्षकांनी विमानांच्या फार आधी केले होते. सतराव्या शतकात विल्यम गॅसकॉइन या इंग्रज खगोलवेत्त्याच्या ध्यानात आले की दुर्बिणीच्या आत, जिथे प्रतिमा तयार होते नेमक्या त्याच पातळीवर धागा ताणला, तर धागा आणि दूरचा तारा दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसतात. कोळ्याच्या जाळ्याचे तंतू या कामी फार उपयोगी पडले. १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्बटनने आरंभलेले भारताचे त्रिकोणमितीय सर्वेक्षण थिओडोलाइटमधील अशाच फुलीवर उभे होते. एकोणिसाव्या शतकात सह्याद्रीची शिखरे कागदावर आली ती या फुलीच्या साक्षीने. डोंगर, फुली आणि डोळा एका रेषेत आले की कोन वहीत नोंदवायचा.

९.
थिओडोलाइटची मर्यादा उघड आहे. डोळा नळीला चिकटवावा लागतो आणि सभोवतालचे जग नाहीसे होते. नळी काढून टाकायची, पण फुली राखायची, तर मध्ये असे काही हवे जे डोंगराचा प्रकाश सरळ येऊ देईल आणि बाजूने आलेल्या खुणेचा प्रकाश डोळ्याकडे वळवील. अशी वस्तू प्रत्येक घरात आहे. रात्री कल्याणहून मुरबाडला जाणाऱ्या एस.टी.त खिडकीशी बसा. काचेतून बाहेरचे दिवे दिसतात आणि त्यांच्यावर आपला चेहराही तरंगताना दिसतो. साधी काच बहुतेक प्रकाश पलीकडे जाऊ देते आणि थोडासा परतवते. दिवसा तो चेहरा दिसत नाही, कारण बाहेरच्या उजेडापुढे परतलेला प्रकाश फिका पडतो. ही गोष्ट पुढे पुन्हा लागणार आहे.

१०.
काचेचा हा गुण रंगभूमीने आधी हेरला. २४ डिसेंबर १८६२ रोजी लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेत जॉन हेन्री पेपर याने डिकन्सच्या एका कथेवरील प्रयोगात रंगमंचावर भूत आणले. मूळ कल्पना हेन्री डर्क्स या अभियंत्याची. मंचावर तिरकी काच, आणि प्रेक्षकांच्या नजरेआड, खालच्या बाजूला, प्रखर उजेडात उभा नट. त्याचे प्रतिबिंब काचेत उमटे आणि खऱ्या नटांमध्ये पारदर्शक आकृती वावरू लागे. २०१२ च्या गुजरात निवडणुकीत आणि २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत नरेंद्र मोदी यांची ‘होलोग्राम’ भाषणे झाली, तीही याच युक्तीच्या आधुनिक अवतारावर. काचेची जागा पातळ पारदर्शक पडद्याने घेतली होती, इतकेच.

११.
इथे सिद्धगडापासून फार दूर नसलेल्या कल्याणची आठवण अपरिहार्य आहे. १८९२ पासून कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन हे ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ करीत. काचपट्ट्यांवर हाताने रंगवलेली पौराणिक चित्रे कंदिलाच्या प्रकाशाने पडद्यावर मोठी होऊन पडत आणि सोबत कथन चाले. नावात शंबरासुराच्या मायेची सूचना आहे. भारतीय चित्रपटाच्या पूर्वेतिहासात या खेळांना मानाचे स्थान आहे.

१२.
पण शांबरिक खरोलिका आणि पेपरचे भूत यांत एक मूलभूत फरक आहे आणि आपल्या विषयाचा सांधा त्यातच आहे. कंदिलाचे चित्र पडद्यावर खरोखर पडते. पडद्याला हात लावला तर हातावरही चित्र येईल. शास्त्रात याला वास्तव प्रतिमा म्हणतात. भुताचे तसे नाही. ते जिथे दिसते तिथे प्रकाश पोहोचलेलाच नसतो. ती आभासी प्रतिमा. स्मार्ट चष्म्यातील अक्षर या दुसऱ्या कुळातले. सिद्धगडाशेजारी काही उमटलेले नसते. केवळ डोळ्यात शिरणाऱ्या किरणांची दिशा अशी असते की मेंदू ते तिथे आहे असे ठरवतो. कंदिलाचे चित्र सभागृहातील सर्वांचे, चष्म्यातील चित्र एकट्याचे.

१३.
उलटे भिंग आणि तिरकी काच यांचा विवाह १९०० साली डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब याने लावला. ग्रब दुर्बिणी घडवणारा नामांकित कारागीर. बंदुकीसाठी त्याने असे नेम-यंत्र कल्पिले की भिंगाच्या नाभीवरील खुणेचे समांतर झालेले किरण तिरक्या काचेवरून डोळ्यात यावेत आणि त्याच काचेतून लक्ष्यही दिसावे. खूण आता लक्ष्याइतकीच दूर दिसू लागली. डोके थोडे इकडेतिकडे झाले तरी ती लक्ष्यावरून ढळेना, अगदी चांदोबासारखी. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, काही जर्मन लढाऊ विमानांवर अशी यंत्रे बसली. दुसऱ्या महायुद्धात ती सर्वत्र झाली. पुढे त्यांत भोवऱ्यासारखे फिरणारे गायरोस्कोप आले आणि वळणाऱ्या विमानावर नेम किती पुढे धरावा हे खूणच सांगू लागली.

१४.
इथे खुणेचे स्वरूप पालटले, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने टिपायला हवे. ग्रबची खूण स्थिर होती; ती फक्त दिशा दाखवी. गायरोस्कोपची खूण गणित करून जागा बदलू लागली, म्हणजे जगाविषयी मत देऊ लागली. त्यानंतर दिव्याने उजळलेल्या खुणेच्या जागी दूरचित्रवाणीसारखी कॅथोड नळी आली. मग वेग, उंची, क्षितिज, जे हवे ते समोरच्या काचेवर लिहिता येऊ लागले. १९५८ मध्ये प्रथम उडालेले ब्रिटिश बकनीर हे अशा फलकाच्या आरंभीच्या विमानांपैकी एक.

१५.
महाराष्ट्राशी याचा संबंध नाशिकजवळच्या ओझरला येतो. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा तेथील कारखाना मिग-२१ च्या निर्मितीसाठी उभा राहिला. त्या विमानांत ग्रबच्या वंशातले परावर्ती नेम-यंत्र होते. पुढे ओझरलाच बनलेल्या सुखोई-३० मध्ये पूर्ण हेड-अप डिस्प्ले आला. तेजस प्रकल्पासाठी चंडीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेने स्वदेशी हेड-अप डिस्प्ले विकसित केला. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओझरला बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए ने उड्डाण केले. नुसत्या खुणेपासून बोलक्या फलकापर्यंतची वाटचाल या एका गावाच्या धावपट्टीवर वाचता येते.

१६.
फलक विमानातून माणसाच्या डोक्यावर आणण्याचा मोठा टप्पा १९६८ सालचा. हार्वर्डमध्ये आयव्हन सदरलँड आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अर्धपारदर्शक आरसे लावलेले शिरस्त्राण बनवले. दोन छोट्या कॅथोड नळ्या, समोर संगणकाने रेखलेला रेषांचा घन. डोके वळले की घनही योग्य रीतीने वळे. यंत्र इतके अवजड होते की ते छताला टांगावे लागे. म्हणून त्याला ‘डॅमोक्लीसची तलवार’ असे टोपणनाव पडले. पण त्यात एक नवी गोष्ट होती: डोके कुठे वळले आहे हे यंत्राला सतत कळत होते. समांतर किरणांमुळे अक्षर दूर दिसते. ते ठरावीक डोंगराशेजारीच राहावे यासाठी मानेची नोंद ठेवावी लागते.

१७.
मग उरला आकाराचा प्रश्न. २०१३ मध्ये निवडक लोकांच्या हाती आलेल्या गुगल ग्लासमध्ये उजव्या डोळ्याच्या वर काचेचा छोटा लोलक होता. कानशिलाकडच्या बाजूला ६४० गुणिले ३६० ठिपक्यांचा सूक्ष्म पडदा. त्याचा प्रकाश लोलकातील तिरक्या अर्धपारदर्शक थरावरून डोळ्यात येई. आठ फुटांवर ठेवलेल्या २५ इंची पडद्यासारखे चित्र दिसते, असे कंपनीचे वर्णन होते. पेपरचे रंगमंचावरील भूत आता नखाएवढ्या काचेत मावले. पण चित्र मोठे हवे असेल तर लोलकही मोठा करावा लागतो, आणि जाड लोलकाचा चष्मा कोणी घालत नाही. चारचौघांत वावरणाऱ्या माणसाला पातळ काच हवी असते.

१८.
पातळ काचेचे उत्तर विहिरीत सापडते. विहिरीत बुडी मारून पाण्याखालून वर पाहिले तर डोक्यावर उजेडाची एक गोल खिडकी दिसते; तिच्याबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा होतो. पाण्यातून किंवा काचेतून फार तिरका येणारा प्रकाश बाहेर पडूच शकत नाही, पूर्ण परत फिरतो. साध्या काचेसाठी ही मर्यादा लंबाशी सुमारे ४२ अंशांची आहे. त्याहून तिरका किरण काचेच्या पट्टीत सोडला तर तो दोन्ही पृष्ठांवर आपटत, बाहेर न सांडता, पुढे पुढे जातो. या पट्टीला तरंगमार्गिका म्हणतात, इंग्रजी शब्द वेव्हगाइड.

१९.
आता सारे भाग जुळवू. चष्म्याच्या दांडीत तांदळाच्या काही दाण्यांएवढा सूक्ष्म प्रक्षेपक. त्यातले भिंग चित्राचे किरण समांतर करते. ते किरण काचेच्या कडेला लोलकाने किंवा अतिसूक्ष्म रेषांच्या जाळीने तिरके करून आत सोडले जातात. आपटत आपटत ते डोळ्यासमोर येतात. तिथे काचेच्या पोटात अर्धपारदर्शक आरशांची रांग किंवा पुन्हा तशीच जाळी असते. प्रत्येक थांब्यावर थोडा प्रकाश डोळ्याकडे वळतो, उरलेला पुढे जातो. म्हणून चित्र एकाच छिद्रातून न येता रुंद पट्ट्यातून येते आणि चष्मा नाकावरून जरासा घसरला तरी अक्षर हरवत नाही. हे विभागणे खर्चिक असते. निघालेल्या प्रकाशाचा अल्प अंशच डोळ्यात पोहोचतो.

२०.
अलीकडचे दोन टप्पे. जुलै २०२० मध्ये रिलायन्सच्या वार्षिक सभेत ‘जिओ ग्लास’ जाहीर झाला: मुंबईच्या टेसरॅक्टने घडवलेला, ७५ ग्रॅम वजनाचा, तारेने फोनला जोडायचा चष्मा. सप्टेंबर २०२५ मध्ये मेटाने रे-बॅनच्या चौकटीत फलक असलेला चष्मा आणला. त्यात आरशांच्या रांगेची तरंगमार्गिका आहे. चित्र फक्त उजव्या डोळ्याला, ६०० गुणिले ६०० ठिपक्यांचे, सुमारे २० अंश रुंद. हात सरळ पुढे करून दोन मुठी शेजारी धरा. साधारण तेवढी ही खिडकी. ग्रबच्या काचेपासून इथवर सव्वाशे वर्षे लागली.

२१.
प्रकाशशास्त्राचा एक नियम मात्र अजून कोणी ओलांडलेला नाही. असा चष्मा जगावर प्रकाश वाढवू शकतो, वजा करू शकत नाही. काळा रंग त्याला काढताच येत नाही, कारण काळे म्हणजे प्रकाश नसणे, आणि जिथे चष्मा प्रकाश पाठवत नाही तिथे मागचा डोंगर दिसत राहतो. एस.टी.च्या खिडकीतला चेहरा दिवसा विरून जातो, तो याच कारणाने. मे महिन्यातल्या दुपारी तापून पांढऱ्या झालेल्या आकाशावर पांढरे अक्षर टिकवायचे तर फोनच्या पडद्याहून कित्येक पट तेज लागते. उजेडावर अंधार लिहिणारी पारदर्शक काच अजून नित्य वापरात आलेली नाही.

२२.
दुसरी अडचण जागेची. अक्षर कुठे ठेवायचे हे ठरवायला चष्म्याला किंवा फोनला उपग्रहांकडून स्थान, गायरोस्कोपकडून वळण आणि चुंबकसूचीकडून दिशा घ्यावी लागते. स्थानातील काही मीटरची चूक डोंगरासाठी नगण्य. दिशेतील चूक तशी नाही. दिशा दोन अंशांनी चुकली, तर पाच किलोमीटरवर अक्षर सुमारे १७५ मीटर बाजूला सरकते. सिद्धगडाच्या शेजारी, देहरी गावामागे, गोरखगड आणि मच्छिंद्रगड हे जोडीचे सुळके उभे आहेत. दुरून पाहताना एवढ्या चुकीत गुरूचे नाव शिष्याकडे जाऊ शकते. सर्वेक्षकाची फुली चुकली तर त्याला वहीत दुरुस्ती करता येई. चष्म्यातले चुकलेले नाव पाहणाऱ्याला मात्र तितकेच खरे वाटते, कारण ते प्रत्यक्ष डोंगरावर लिहिलेले दिसते.

२३.
इथून प्रश्न प्रकाशशास्त्राचा राहत नाही, इतिहासाचा होतो. अक्षर येते कुठून? डिजिटल नकाशांतून. त्यांतली कितीतरी नावे आधी रोमन लिपीत नोंदली गेली आणि मग यंत्राने देवनागरीत आणली. या फेऱ्यात ड चा द होतो, ळ चा ल होतो, ऱ्हस्व-दीर्घ पुसले जातात. माचीवरच्या सिद्धगडवाडीतील लोकांकडे ओढ्यांना, खिंडींना, पाण्याच्या जागांना नावे आहेत. त्यांतली बहुतेक कोणत्याही सर्व्हरवर नाहीत. ज्याला नोंद आहे त्यालाच अक्षर मिळते. अक्षर नसलेली जागा चष्म्यातून पाहणाऱ्याच्या लेखी नुसते रान ठरते.

२४.
सिद्धगडाच्या बाबतीत ही उणीव फार महाग पडेल. १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला नाभिक कुटुंबात जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजेच भाई कोतवाल, वकील झाले आणि १९४२ च्या आंदोलनात भूमिगत झाले. खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ पासून आणि भिवपुरीचे १९२२ पासून मुंबईला वीज पुरवत होते; वीजवाहिन्यांचे मनोरे या डोंगरपट्ट्यातून जात. महायुद्धाच्या काळात मुंबईच्या गिरण्या-कारखाने म्हणजे साम्राज्याच्या युद्धयंत्राचे इंधन. भाईंच्या ‘आझाद दस्त्या’ने ते मनोरे पाडायला सुरुवात केली. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी त्यांना गाठले. गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले.

२५.
म्हणजे या डोंगराच्या इतिहासातला निर्णायक क्षण प्रकाश तोडण्याशी निगडित आहे. आझाद दस्त्याने साम्राज्याच्या नगरीकडे जाणारा वीजप्रवाह खंडित केला; अंधार हे त्यांचे शस्त्र होते. आणि चष्म्यातील फलकाला नेमका अंधारच रेखता येत नाही. ही योगायोगाची गंमत असेल, पण बोध त्यात आहे. जे ठळक, मोजता येण्याजोगे आणि आधीच नोंदलेले आहे, ते फलकावर सहज उजळते: ३,२०० फूट, अमुक किलोमीटर, चढाई मध्यम. जे लपून घडले, रानाच्या आडोशाने घडले, ज्यांनी मुद्दाम माग ठेवला नाही, त्यांच्यासाठी आकडा नसतो. ते कोणीतरी शोधून, पारखून, लिहून ठेवावे लागते.

२६.
यावर कोणी म्हणेल, मग चष्माच नको. मला तसे वाटत नाही. ज्याला गडाचा इतिहास ठाऊक नाही त्याला चढतानाच, मान खाली न घालता, तो कळला तर त्यात लाभच आहे. हुतात्मा स्मारकाकडे जाणाऱ्या पायवाटेवर हिराजी पाटलांचे नाव योग्य शुद्धलेखनात, योग्य दगडापाशी उमटले, तर वाचणारा काही पावले नक्की थांबेल. तंत्र तयार आहे. भिंग, काच, तरंगमार्गिका, गायरोस्कोप यांनी आपापले काम केले आहे. त्यात भरायचा मजकूर तयार करणे हे अभियंत्यांचे काम नाही. ते काम जुने कागद वाचणाऱ्यांचे, गावात बसून ऐकणाऱ्यांचे आणि ऐकलेले कागदाशी ताडून पाहणाऱ्यांचे, म्हणजे आपल्यासारख्यांचे आहे.

२७.
दरवर्षी २ जानेवारीला पहाटेच्या काळोखात सिद्धगडावर लोक हुतात्म्यांना अभिवादन करायला जमतात. पुढच्या वेळी जाणाऱ्यांना एक विनंती. जाताना वही न्या. वाडीतल्या जाणत्यांना ओढ्यांची, खिंडींची, टाक्यांची नावे विचारा. जशी उच्चारली जातात तशी देवनागरीत लिहा, सांगणाऱ्याच्या संमतीने. मग ती खुल्या डिजिटल नकाशांत भरा. ज्यांच्याकडे आपापल्या भागातल्या गडांची अशी स्थानिक नावे आहेत, त्यांनी गावासह या थ्रेडखाली लिहावीत. पडताळून एकत्र यादी करू.

थ्रेड समाप्त. पुढच्या आठवड्यात: सर्वेक्षणाच्या फुलीपासून तालुक्याच्या नकाशापर्यंत.